दाखला आणि ओळख

माणसाला माणसाची खात्री दोन मार्गांनीं पटते. कोणी तरी भरंवशाच्या मनुष्यानें त्याच्याविषयीं ग्वाही दिली म्हणजे, हा एक मार्ग. आणि आपण स्वतः त्याला ओळखत असलों म्हणजे, हा दुसरा. जगाचा बहुतेक व्यवहार पहिल्या मार्गानें चालतो आणि बहुतेक स्नेह दुसऱ्या मार्गानें. आपल्याकडील जुन्या सावकारी पेढ्यांवर शाहाजोग हुंडी चालत असे. तिचे पैसे हुंडी घेऊन येणाऱ्या कोणाहि वाटसरूच्या हातीं पडत नसत. बाजारांत ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे अशा शाहाच्या हातींच ते द्यावयाचे. पेढीवाल्याला वाटसरू ठाऊक असण्याची गरज नव्हती. शाह ठाऊक असला कीं पुरे. ह्या सोयीवर शेंकडों कोसांचा व्यापार चालला. परंतु ह्या सोयीच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या शब्दावर आपण विसंबलों तोच चुकला किंवा फितला तर दोष कोणाचा? आणि दिलेले पैसे पेढीवाल्याचे स्वतःचे नसून दुसऱ्या कोणाची ठेव असेल, तर "शाहानें सांगितलें म्हणून दिले" एवढें उत्तर पुरेसें होईल काय?

हा प्रश्न जुन्या पेढ्यांबरोबर नाहींसा झाला असें कोणास वाटत असेल, तर तें बरोबर नाहीं. आज तो आपल्यापैकीं प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलमध्यें दिवसांतून अनेक वेळां उभा राहतो, आणि आपल्याला न विचारतां निकालांत निघतो. आपण बँकेचें ॲप उघडतों, मुलाच्या शाळेची फी भरतों, दूरच्या आप्ताला खासगी निरोप पाठवितों. त्या प्रत्येक वेळीं पलीकडे खरोखर आपली बँकच आहे, कीं तिचें सोंग घेतलेला कोणी भामटा आहे, ह्याचा निर्णय डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच घेतला गेलेला असतो. तो कसा घेतला जातो हें समजून घेणें केवळ यंत्रविशारदांचें काम नव्हे; कारण त्याच्या मुळाशीं जें कोडें आहे तें गणिताचें थोडें आणि नीतीचें अधिक आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९७६ सालीं अमेरिकेंत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या दोघांनीं एक विलक्षण कल्पना प्रसिद्ध केली. गुप्त लेखनाची किल्ली तोंपर्यंत एकच असे. त्याच किल्लीनें कुलूप लावावयाचें आणि तिनेंच उघडावयाचें. म्हणून ती दोन्ही पक्षांकडे आधीं गुप्तपणें पोंचवावी लागे. ह्या दोघांनीं म्हटलें कीं, किल्ल्यांची जोडी असावी. एक सार्वजनिक, जी चव्हाट्यावर टांगली तरी चालेल. दुसरी खासगी, जी मालकानें कोणासहि दाखवूं नये. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन ह्या तिघांनीं मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली अशी जोडी प्रत्यक्ष करून दाखविली. त्यांच्या पद्धतीची आज सर्रास वापरांत असलेली सार्वजनिक किल्ली म्हणजे मुख्यतः ६१७ अंकांची एक संख्या होय. ती संख्या सर्वांना दिसते. ज्या दोन संख्यांच्या गुणाकारानें ती झाली त्या मात्र मालकाखेरीज कोणास सांपडत नाहींत.

परंतु किल्ली चव्हाट्यावर टांगली तरी ती कोणाची, हें कोणीं सांगावयाचें? भामट्यानेंहि आपली किल्ली टांगून तिच्यावर बँकेच्या नांवाची पाटी लावली तर? ह्यावर १९७८ सालीं लॉरेन कोनफेल्डर ह्या विद्यार्थ्यानें एम्. आय्. टी. ह्या विद्यापीठांत सादर केलेल्या प्रबंधांत एक तोड सुचविली. किल्ली आणि तिच्या मालकाचें नांव हीं एकत्र लिहावीं आणि त्याखालीं एखाद्या विश्वासू संस्थेनें आपल्या खासगी किल्लीनें सही करावी. हेंच तें प्रमाणपत्र. त्याचा आज रूढ असलेला नमुना १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय ठरावानें प्रसिद्ध झाला. आतां सही करणाऱ्या संस्थेची सही तरी खरी कशावरून? तर तिच्या किल्लीवर तिच्याहून वरिष्ठ संस्थेची सही असते. आणि अशी ही साखळी ज्या मूळ संस्थांपाशीं संपते त्यांच्या किल्ल्या मोबाईल आपल्या हातीं येण्यापूर्वींच त्यांत भरून ठेविलेल्या असतात. अशा मूळ किल्ल्या शंभराहून अधिक आहेत. हे आजचे शाह. फरक इतकाच कीं, पेढीवाला आपल्या शाहाला ओळखत असे; आपण ह्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव बहुधा ऐकलेलें नसतें.

ह्या व्यवस्थेंत एक मोठें व्यंग आहे. ह्या शंभरांपैकीं कोणीहि एक, जगांतील कोणाचीहि ग्वाही देऊं शकतो. म्हणजे साखळी तिच्या सर्वांत बळकट कडीइतकी नव्हे, तर सर्वांत कच्च्या कडीइतकीच टिकाऊ. ह्याचें प्रत्यंतर २०११ सालीं आलें. हॉलंडांत बेव्हरवाइक येथें डिजिनोटार नांवाची अशी एक संस्था होती. त्या देशाचें सरकारहि तिच्या सहीवर विसंबून होतें. त्या वर्षीं जूनमध्यें तिच्या यंत्रांत चोर शिरले, आणि १० जुलै रोजीं तिच्या सहीनें गूगलच्या नांवाचें खोटें प्रमाणपत्र तयार झालें. पुढें तपासांत अशीं खोटीं प्रमाणपत्रें निदान ५३१ निघालीं. संस्थेला चोरीचा सुगावा जुलैमध्येंच लागला होता. पण तिनें बोभाटा न करतां कांहीं प्रमाणपत्रें गुपचूप रद्द केलीं, आणि नेमकें गूगलचें राहून गेलें. त्या प्रमाणपत्राच्या आड येणाऱ्या संगणकांचे पत्ते सुमारें ३,००,००० भरले, आणि ते जवळ जवळ सारे इराणांतील होते. ज्या देशांत राज्यकर्त्यांविरुद्ध बोलणें धोक्याचें, तेथें खासगी पत्र उघडें पडणें हा केवळ संकोचाचा विषय नसतो; त्यावरून तुरुंगाची वाट धरावी लागते. ह्या लोकांनीं डिजिनोटार हें नांवहि ऐकलें नव्हतें. त्यांच्या वतीनें तिच्यावर विश्वास दुसऱ्यांनीं ठेविला होता.

हें उघडकीस कसें आलें, तें फार बोधप्रद आहे. शाहांच्या साखळींत तर कोठेंच खोट दिसत नव्हती. सही खरी, मुदत खरी, नांव बरोबर. परंतु गूगलनें आपल्या क्रोम ब्राउझरमध्यें, आपल्या नांवाच्या साखळींत कोणकोणत्या किल्ल्या असावयाच्या ह्याची यादी आधींच लिहून ठेविली होती. ऑगस्टच्या अखेरीस इराणांतील एका मनुष्याच्या क्रोमनें तो दाखला नाकारला; त्यानें त्याविषयीं जाहीर विचारणा केली, आणि सारा प्रकार बाहेर पडला. २० सप्टेंबर २०११ रोजीं डिजिनोटारचें दिवाळें वाजलें. दाखला जेथें फसला तेथें ओळख कामास आली.

असा प्रकार हॉलंडांतच होतो असें मात्र समजूं नये. आपल्या देशांत २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्थांवर सरकारी नियंत्रक नेमलेला आहे. जुलै २०१४ मध्यें त्याच्या शिक्क्याखालील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सहीनें गूगलच्या नांवाचीं अनधिकृत प्रमाणपत्रें निघाल्याचें गूगलच्या नजरेस आलें, आणि केंद्राला दिलेले सहीचे दाखले नियंत्रकाला रद्द करावे लागले. शिक्का सरकारी असला म्हणजे त्याखालचा मजकूर खरा असतोच, असें नाहीं.

ह्या अनुभवांवरून ॲप तयार करणारे कित्येक जण दाखल्यावर न थांबतां किल्ली स्वतः वाचूं लागले. प्रमाणपत्रांत मालकाचें नांव, मुदत, सही करणाऱ्याचें नांव आणि त्याची सही असते. त्याच्या पोटांत ती सार्वजनिक किल्लीहि असते. ॲप ती बाहेर काढतें, ठरलेल्या गणितानें तिचें ४४ अक्षरांचें सार करतें, आणि स्वतःजवळ लिहून ठेविलेल्या साराशीं तें ताडून पाहतें. जुळलें तर बोलणें पुढें चालतें. न जुळलें तर, दहा शाह जामीन राहिले तरी, ॲप दार लावून घेतें. सारें प्रमाणपत्र ताडून न पाहतां किल्लीच कां पाहावयाची, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, प्रमाणपत्र अल्पायुषी असतें. मुदत संपली कीं नवें घ्यावें लागतें. आणि ही मुदत टप्प्याटप्प्यानें कमी करीत २०२९ सालीं ती ४७ दिवसांवर आणावयाची, असा निर्णय ह्या क्षेत्रांतील संस्थांनीं २०२५ सालीं केला आहे. परंतु प्रमाणपत्र बदललें तरी मालकाच्या मनांत असेल तर किल्ली तीच पुढें चालूं शकते. अंगरखा बदलला म्हणून आपण घरच्या माणसाला परका म्हणत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

हें वाचन दिसतें तितकें सोपें नाहीं. अँड्रॉइडच्या मोबाईलवर किल्ली काढली म्हणजे ती कोणत्या पद्धतीची आहे हें सांगणाऱ्या मथळ्यासह हातीं येते. आयफोनवर काढली तर मथळ्यावांचून नुसती किल्ली येते. किल्ली एकच, पण मथळ्यासह केलेलें सार निराळें आणि मथळ्यावांचून केलेलें निराळें. ज्याला हा भेद ठाऊक नाहीं त्याला खरी किल्ली खोटी भासते. शिवाय किल्ली वाचली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. सार्वजनिक किल्ली ही नांवाप्रमाणेंच सार्वजनिक. तिची नक्कल कोणीहि दाखवील. तिची खासगी जोडीदारीण आपल्याच हातीं आहे हें पलीकडच्यानें त्याच क्षणीं सही करून सिद्ध केलें, नांव जुळलें, मुदत जुळली, तरच ती ओळख पुरी झाली. ओळखीच्या भरंवशावर दाखला मुळींच न पाहणें हाहि एक निष्काळजीपणाच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ॲप लिहिणारा मनुष्य ही किल्ली कोणासाठीं वाचतो? स्वतःसाठीं नव्हे. ज्यांना किल्ली म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, ठाऊक होण्याची गरजहि नाहीं, अशा लक्षावधि माणसांसाठीं तो ती वाचतो. निरक्षर पक्षकाराच्या वतीनें कागद वाचणारा मुखत्यार असतो, तसा हा आहे. पक्षकार अंगठा उठवितो तो कागद समजून नव्हे. मुखत्यारानें तो वाचला आहे ह्या विश्वासावर. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणें हें पाप नाहीं. तसें न केलें तर जग एक दिवसहि चालणार नाहीं. दुसऱ्याचा शब्द नाकारणें हेंहि पाप नाहीं. परंतु दुसऱ्याच्या वतीनें विसंबणें किंवा नाकारणें ही गोष्ट निराळी आहे, आणि तिचा धर्महि निराळा आहे. त्या धर्माचीं तीन अंगें आम्हांला दिसतात.

पहिलें अंग असें कीं, मुखत्यारानें कागद खरोखर वाचला पाहिजे. हें सांगावें लागतें ह्याचेंच कोणाला नवल वाटेल. पण २०१२ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं अँड्रॉइडचीं १३,५०० लोकप्रिय ॲपें तपासलीं, तेव्हां १,०७४ ॲपांत प्रमाणपत्र तपासण्याची व्यवस्था सदोष असण्याचा संभव दिसला. आणि त्यांतील १०० ॲपें हातीं घेऊन प्रयोग केला तेव्हां ४१ ॲपांशीं होणारें बोलणें मध्यें बसून वाचतां आलें. कांहीं ॲपांत तर कोणतेंहि प्रमाणपत्र आलें तरी "बरोबर आहे" असेंच म्हणावें अशी योजना होती. असें कां होतें? दुष्टपणानें क्वचित्. काम करतांना तपासणी आड येते, चूक दाखविते, वेळ खाते. म्हणून लिहिणारा ती तात्पुरती बंद करतो आणि पुन्हा चालू करावयाचें विसरतो. वापरणाऱ्याला ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. ॲप तसेंच उघडतें, पैसे तसेच जातात, आणि आपण सुरक्षित आहों अशा समजुतींत तो निश्चिंत असतो. ज्यानें कागद वाचणार नाहीं असें आधींच सांगितलें, त्यानें पक्षकाराला सावध तरी केलें. न वाचतां वाचल्याचा आव आणणारानें त्याची सावधगिरीहि काढून घेतली. चुकीच्या माणसावर विश्वास ठेवणें हा दोष असेल. पण विश्वासाचें नाटक करणें हा त्याहून मोठा दोष होय.

दुसरें अंग निश्चयाच्या मर्यादेचें आहे. ओळखीवर ठाम राहणारा मनुष्य आपल्याला आवडतो. पण त्याच्या ठामपणांत एक कठोरता असूं शकते. ज्याला आपण ओळखतों त्याला बदलण्याचा हक्क आहे, ही गोष्ट तो विसरतो. किल्ली चोरीस जाते, हरवते, जुनी होते. मग मालकाला ती बदलावीच लागते. २०१५ सालीं संकेतस्थळांसाठीं एक नियम प्रसिद्ध झाला. स्थळानें ब्राउझरला बजावून ठेवावें कीं, इतके दिवस ह्याच किल्लीनें मला ओळख आणि दुसरी कोणीं दाखविली तर आंत जाऊं नकोस. हेतु उत्तम होता. पण ज्याची किल्ली हातची गेली त्याचे स्वतःचेच वाचक बाहेर अडकून पडण्याचें भय त्यांत होतें. आणि घडीभर स्थळाचा ताबा मिळविणारा दुर्जन आपलीच किल्ली ब्राउझरांच्या मनावर ठसवून खऱ्या मालकाला परका ठरवूं शकला असता. २०१९ च्या आरंभीं क्रोमनें ही सोय काढून टाकली. ॲपांच्या बाबतींत हा धोका कमी आहे, पण नाहींच असें नाहीं. बँकेनें किल्ली बदलली आणि जुनें ॲप जुन्याच किल्लीला चिकटून बसलें, तर ज्याला नवें ॲप उतरवून घेण्याची अक्कलहुशारी किंवा साधन नाहीं, त्या म्हाताऱ्या माणसाचे औषधाचे पैसे त्या दिवशीं अडतात. चोर तर आलाच नाहीं. पण मालक मात्र उपाशी राहिला. म्हणून २०१५ च्या त्या नियमांतहि एक शहाणी अट होती: चालू किल्लीबरोबर एक पर्यायी किल्ली आधींच जाहीर केली पाहिजे. अँड्रॉइडमध्यें लिहून ठेविलेल्या किल्लीला अखेरची तारीख घालण्याची सोय आहे. इतकेंच नव्हे, तर अँड्रॉइडच्या निर्मात्यांचा आजचा सामान्य सल्ला, ॲपांनीं ह्या फंदांत पडूं नये, असाच आहे. ज्याला निश्चय करावयाचा आहे त्यानें तो मोडण्याचा सभ्य मार्ग निश्चयाबरोबरच आंखून ठेवावा, हें तत्त्व संसारांतहि वाईट नाहीं.

तिसरें अंग सर्वांत नाजूक आहे. मुखत्यारानें पक्षकाराच्या नांवानें घेतलेला अधिकार पक्षकाराविरुद्ध वापरूं नये. पूर्वीं मोबाईलचा मालक आपल्या यंत्रांत स्वतःची एक मूळ किल्ली बसवून, कोणतें ॲप बाहेर काय पाठवितें हें मध्यें बसून पाहूं शकत असे. २०१६ सालच्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, मालकानें बसविलेल्या अशा किल्लीवर ॲपांनीं आपण होऊन विश्वास ठेवूं नये असा पायंडा पडला. आणि जें ॲप स्वतःच किल्ली ताडून पाहतें त्याच्यापुढें तर तिचें कांहींच चालत नाहीं. ह्याला कारण आहे. भोळ्या माणसाला फसवून त्याच्याच हातून खोटी किल्ली बसवून घेणें चोराला अवघड नसतें. पण परिणाम असा झाला कीं, जें कुलूप चोराला बाहेर ठेवतें तेंच घरधन्यालाहि हिशेब पाहूं देत नाहीं. बँकेनें तें लावलें तर आपण तिचे आभार मानूं. परंतु जें ॲप आपले पत्ते, आपल्या ओळखीपाळखी, आपला दिनक्रम गुपचूप बाहेर पाठवीत असेल, तेंहि तसेंच कुलूप लावून बसूं शकतें, आणि बाहेरून दोघांत भेद दिसत नाहीं. म्हणून जो आपल्या वतीनें कुलूप लावतो त्यानें, आंत काय चालतें हें मोकळेपणानें सांगण्याचें आणि जाणत्या त्रयस्थाला तें तपासूं देण्याचें कर्तव्य अधिक कसोशीनें पाळलें पाहिजे.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. प्रत्येक ॲपनें असें स्वतःच पाहूं लागावें, म्हणजे सामाजिक विश्वासाची व्यवस्था मोडीत काढण्यासारखें नाहीं काय? शाह वाईट निघाला तर शाह सुधारावा. प्रत्येक पेढीवाल्यानें प्रत्येक वाटसरूच्या घरीं जाऊन चौकशी करूं नये. आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्याला धरूनच एक तिसरी वाट निघाली आहे. २०१३ सालीं अशी योजना पुढें आली कीं, दिलेलें प्रत्येक प्रमाणपत्र सर्वांना वाचतां येईल अशा जाहीर वह्यांत नोंदलें जावें, आणि त्या वह्या अशा गणितानें बांधलेल्या असाव्यात कीं मागील नोंद गुपचूप खोडतां येऊं नये. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांना अशी नोंद असल्याखेरीज क्रोम मान्यता देत नाहीं. ग्वाही कानांत न देतां चावडीवर द्यावी, असा हा नियम आहे. त्यानें शाहांवर वचक बसला ह्यांत शंका नाहीं. परंतु चावडीवरील वही खोटी ग्वाही उघडकीस आणते ती बहुधा दिल्यानंतर. आणि मधल्या वेळांत ज्याचें पत्र वाचलें गेलें त्याला तें परत मिळत नाहीं.

तेव्हां ह्या दोन मार्गांपैकीं श्रेष्ठ कोणता, ह्याला सर्वांना लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. हवापाण्याची बातमी देणाऱ्या ॲपनें शाहाच्या शब्दावर आणि चावडीच्या वहीवर विसंबावें. तेथें अधिक हट्ट धरणें म्हणजे वापरणाराला नाहक त्रास. ज्याच्या चुकीनें कोणाची जन्माची पुंजी जाईल किंवा कोणी तुरुंगांत पडेल, त्यानें दाखलाहि पाहावा आणि ओळखहि पटवावी, आणि पर्यायी किल्ली जवळ बाळगावी. मोजमाप एकच: चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडेल? जो निर्णय घेतो त्याच्याच अंगावर पडत असेल तर त्यानें आपल्या मनाप्रमाणें करावें. दुसऱ्याच्या अंगावर पडत असेल तर मनाप्रमाणें करण्याची मुभा त्याला उरत नाहीं.

पेढीवाल्याला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरहि ह्यांतच आलें. पैसे दुसऱ्याची ठेव असतील, तर "शाहानें सांगितलें" हें उत्तर तेव्हांच चालेल, जेव्हां पेढीवाल्यानें त्या शाहाला खरोखर विचारलें असेल, त्याची पत स्वतः पारखली असेल, आणि ठेवीदार विचारावयास आला असतां वही उघडून त्याच्यापुढें ठेवण्याची त्याची तयारी असेल. विश्वास ठेवण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवितां येतें. तो कोणावर व कां ठेविला ह्याचा जबाब मात्र ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.